डंप विकण्यापूर्वी एक भट्टी पेटवा

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व चाळीस सन्माननीय सदस्य,
पर्वरी, गोवा

सन्माननीय सदस्यहो,

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांत खाणींनी उभे केलेले मातीचे डोंगर आहेत. सगळा गोवा त्यांना डंप म्हणतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. पुढे लिलाव झाले, काही पट्टे पुन्हा सुरू होऊ लागले आणि २०२३ मध्ये डंपांविषयीचे धोरणही आले. आता डंप कोणी उचलायचे, किती स्वामित्वधन घ्यायचे आणि ट्रक कोणत्या रस्त्याने न्यायचे, एवढीच चर्चा उरली आहे. त्याच्या आधीचा प्रश्न सभागृहात विचारलेला मी तरी ऐकलेला नाही. या डंपांत नेमके काय आहे, आणि त्याचे पोलादाखेरीज दुसरे काय होऊ शकते?

मी डिचोली तालुक्यात राहतो. नोकरीची वर्षे खनिज तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. खाणीवरून, जेटीवरून, बार्जमधून नमुने यायचे. ते वाळवायचे, दळायचे, आम्लात विरघळवायचे आणि लोह, सिलिका, ॲल्युमिना, फॉस्फरस, ओलावा असे रकाने भरून कागद पुढे पाठवायचा. तो कागद भाव ठरवण्यासाठी होता. त्यात सिलिका म्हणजे दोष, ॲल्युमिना म्हणजे दोष, आणि दोष वाढला की भाव उतरला. पण ती सिलिका वाळूच्या कणांतली की चिकणमातीतली, ॲल्युमिना केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजातली की गिब्साइट या बॉक्साइटमधल्या खनिजातली, कण किती बारीक, तापवला तर तो कसा वागतो, यासाठी रकानाच नव्हता. घेणाऱ्याला झोतभट्टीसाठी लोह हवे होते, त्यामुळे बाकीचे कोणी मोजले नाही. आज आपण ज्या डोंगरांची विल्हेवाट ठरवत आहोत, त्यांच्याविषयी आपल्याकडे असलेली बरीचशी माहिती त्याच जुन्या रकान्यांतली आहे.

दरम्यान जगात जे घडले, ते मला तुमच्यापुढे मांडायचे आहे. सौर पॅनल, बॅटरी, इलेक्ट्रिक गाड्या यांविषयी सभागृहात बोलले जाते. पण या सगळ्यांच्या पोटात जे पदार्थ आहेत, त्यांतले फार मोठे काम सिरॅमिकचे आहे. खनिज किंवा क्षार घ्यायचा, बारीक पूड करायची, तिला आकार द्यायचा आणि भट्टीत भाजायची, हे कुंभाराचेच काम. फक्त शुद्धतेचा आणि तापमानाचा हिशेब फार काटेकोर झालेला आहे. बीएस-६ स्कूटरच्या सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा जो सेन्सर असतो, तो बहुधा झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडचा असतो. तोच झिर्कोनिया घन-ऑक्साइड इंधनघटात वीज तयार करायला वापरतात. मोपाला आणि दाबोळीला उतरणाऱ्या कित्येक विमानांच्या इंजिनांत, २०१६ पासून, सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांनी बांधलेले सिरॅमिक भाग आहेत. निकेलच्या मिश्रधातूच्या साधारण एक तृतीयांश वजनात ते जास्त उष्णता सोसतात. सिलिकॉन कार्बाइडच्याच चिपा आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या आणि सौर ऊर्जेच्या इन्व्हर्टरमध्ये आल्या आहेत. गोव्यात उद्या यांतले काही बनेल असे मी म्हणत नाही. ही यादी एवढ्यासाठी की सिरॅमिक म्हटल्यावर कपबशा आणि बाथरूमच्या टाइल्सच डोळ्यांपुढे येऊ नयेत.

बॅटरीचे उदाहरण मात्र आपल्या फार जवळचे आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम आयर्न फॉस्फेट हा पदार्थ बॅटरीच्या धन बाजूसाठी चालतो असे दाखवून दिले. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या पदार्थात वजनाने सुमारे ३५ टक्के लोह आहे. कोबाल्ट नाही, निकेल नाही. २०२४ मध्ये जगभरातल्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी लागलेल्या बॅटऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या याच जातीच्या होत्या, आणि त्यांची पूड जवळपास सगळी चीनमध्ये बनते. जुलै २०२५ मध्ये चीनने ही पूड बनवण्याच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली.

ही घटना नीट पाहा. लोह जगात कुठेही मिळते, फॉस्फेट खतातही असते. चीनने अडवले ते तंत्र: कण किती बारीक ठेवायचा, त्यावर कार्बनचा थर कसा चढवायचा, भट्टीत हवा कोणती ठेवायची आणि किती वेळ. आपण गोवेकरांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षे लोखंडाची माती जहाजांत भरून जपानला, मग चीनला पाठवली. किंमत मातीला कमी आणि भाजण्याच्या ज्ञानाला जास्त असते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणी अनुभवले असेल असे मला वाटत नाही.

आणि हे ज्ञान आपल्या देशातल्या माणसांच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही. द्रवाऐवजी घन सिरॅमिक वापरणाऱ्या बॅटऱ्यांवर आज जगभर जे काम चालले आहे, त्यातला एक पायाभूत पदार्थ, लिथियम, लँथॅनम आणि झिर्कोनियमचा गार्नेट जातीचा स्फटिक, २००७ साली ज्यांनी जगापुढे आणला, त्या तीन संशोधकांपैकी रामस्वामी मुरुगन आणि वेंकटरामन थंगदुरै हे दोघे भारतीय आहेत. पुण्यात केपीआयटी या कंपनीने तिथल्या आयसर या विज्ञानसंस्थेबरोबर केलेल्या कामातून सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केले. पुणे आपल्यापासून एका रात्रीच्या बसच्या अंतरावर आहे.

आपल्या स्वतःच्या घरातले काम तर आपल्यालाच ठाऊक नाही. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने फेराइट या चुंबकी सिरॅमिकवर अनेक वर्षे संशोधन केले आहे. मोबाइलच्या चार्जरपासून सौर इन्व्हर्टरपर्यंत, जिथे ट्रान्सफॉर्मर छोटा आणि वेगवान हवा तिथे फेराइटचा गाभा असतो. २००१ साली त्या विभागातल्या संशोधकांचा एक निबंध ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. लोहखनिजाचा टाकाऊ भाग रासायनिक रीतीने शुद्ध करून त्यापासून मॅग्नेशियम फेराइट बनवले, त्याचे विद्युत गुणधर्म कसे मिळाले, असा त्याचा विषय. टाकाऊ खनिज! म्हणजे आपण आज ज्यावर लिलावाच्या भाषेत बोलतो, त्याच जातीच्या मालाकडे आपल्याच विद्यापीठातल्या माणसांनी सुमारे पाव शतकापूर्वी पदार्थ म्हणून पाहिले होते. डंपचे धोरण ठरवताना त्यांच्यापैकी कोणाला बोलावून दोन शब्द विचारले असते, तर मला फार बरे वाटले असते.

इथे मला तुम्हाला एका मोहापासून सावधही करायचे आहे. हे पत्र वाचून कोणी उद्या ‘गोवा बॅटरी हब’ अशी घोषणा करू नये. प्रयोगशाळेत नमुना तयार होणे आणि टनावारी माल बाजारात उभा राहणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर बहुतेक वेळा शुद्धतेचे असते. चांगल्या प्रतीच्या फेराइटला ९९ टक्क्यांहून शुद्ध लोह ऑक्साइड लागतो आणि त्यातली सिलिका टक्क्याच्या शतांश भागांत मोजावी लागते. आपल्या डंपांत ती टक्क्यांत, कित्येकदा दहाच्या पटीत आहे. शिवाय पोलादाचे पत्रे आम्लात धुताना कारखान्यांना जो लोह ऑक्साइड उपउत्पादन म्हणून मिळतो, तो शुद्धही असतो आणि स्वस्तही. त्याच्याशी आपली तांबडी माती थेट स्पर्धा करू शकणार नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचेही तसेच. त्यासाठी लागणारे लोह बऱ्याचदा टायटॅनियमच्या रंगद्रव्य उद्योगातून निघालेल्या लोह सल्फेटपासून घेतात. या गोष्टी आधी सांगाव्या लागतात, कारण पोकळ आशेने खाणपट्ट्यातल्या तरुणांचे आजवर पुष्कळ नुकसान झाले आहे.

मग आपण कुठून सुरुवात करावी? जिथे शुद्धतेची मागणी कमी आणि मालाची मागणी जास्त, तिथून. मला दोन जागा दिसतात, आणि दोन्ही ऊर्जेशी जोडलेल्या आहेत.

पहिली जागा उष्णता साठवण्याची. फिनलंडमध्ये पोर्नाइनेन नावाच्या छोट्या गावात जून २०२५ मध्ये एक उष्णतासाठा सुरू झाला. पोलादी टाकीत सुमारे दोन हजार टन दगडाचा चुरा भरलेला आहे. वीज स्वस्त असेल तेव्हा तिने हवा तापवून तो चुरा तापवतात आणि लागेल तेव्हा ती उष्णता गावातल्या घरांना पुरवतात. त्याची क्षमता १०० मेगावॉट-तास, म्हणजे एक लाख युनिट. आणि तो चुरा कशाचा? शेकोट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात उरलेल्या शंखजिऱ्याच्या दगडाचा. टाकाऊ दगड उचलला, मोजला, तापवून पाहिला आणि कामाला लावला.

लोह ऑक्साइड या कामाला शंखजिऱ्यापेक्षा कमी नाही. ब्रिटनमध्ये रात्रीच्या स्वस्त विजेवर तापणारे आणि दिवसा ऊब देणारे हीटर १९६० च्या दशकापासून घराघरांत आहेत. त्यांतल्या पुष्कळांच्या आत फिओलाइट नावाच्या विटा असत, आणि फिओलाइट म्हणजे मुख्यतः दाबून भाजलेला लोह ऑक्साइड. जड असल्यामुळे थोड्या जागेत तो पुष्कळ उष्णता धरतो. अशा एक टन विटा ५०० अंशांनी तापवल्या तर त्यांत साधारण शंभर ते सव्वाशे युनिट विजेइतकी उष्णता राहते. त्यातून परत वीज काढणे परवडत नाही, हे खरे. पण सगळ्यांना वीजच हवी असते असे थोडेच आहे? वेर्णा आणि कुंडईच्या औषध कारखान्यांना वाफ लागते. हॉटेलांना बारा महिने गरम पाणी लागते. काजू भाजायला, मासळी सुकवायला, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भट्टीला उष्णताच लागते, आणि ती आज तेल जाळून, लाकूड जाळून किंवा ब्रिकेट जाळून मिळते. दुपारी सौर वीज भरपूर असते आणि मागणी तिच्याशी जुळत नाही. त्या वेळची वीज विटांत भरून ठेवायची आणि पहाटे वाफ काढायची, यात कोणते अवघड यंत्र नाही. तारा, पंखा, विटा आणि भोवती उष्णतारोधक आवरण.

हे आपल्या मातीत लगेच जमेल का, हे बसून सांगता येणार नाही, करूनच पाहावे लागेल. डंपांत गोथाइट हे पाणी धरून ठेवणारे लोहखनिज बरेच आहे. ते तापवले की त्यातले पाणी उडते आणि वजन सुमारे दहा टक्क्यांनी घटते. गिब्साइट असेल तर घट त्याहून पुष्कळ मोठी. न भाजता वीट केली तर ती पहिल्याच तापात फुटेल. म्हणून आधी भाजायचे, मग दाबायचे, मग पुन्हा भाजायचे, आणि नंतर ती वीट शेकडो वेळा तापवून थंड करून तडे मोजायचे. किती माती मिसळली तर ती घट्ट बसते, किती मिसळली तर उष्णता कमी धरते, हा शोध एखाद्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला, डिचोलीच्या कुंभाराला आणि माझ्यासारख्या निवृत्त रसायनज्ञाला मिळून घेता येईल असा आहे. डिचोलीच्या कुंभारांना या भागातली माती कुठे फुटते आणि कुठे टिकते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांना हस्तकलेच्या प्रदर्शनात उभे करण्यापलीकडे आपण त्यांच्या ज्ञानाचा कधी उपयोग केला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी जागा सिमेंटची. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो. सिमेंटचा मुख्य घटक असलेले क्लिंकर १४५० अंशांवर भाजावे लागते, आणि चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो वेगळा. यावर निघालेला एक चांगला मार्ग म्हणजे भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेले सिमेंट. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संस्थेने, क्युबातल्या संशोधकांनी आणि आपल्या आयआयटींनी मिळून ते सिद्ध केले. त्यात क्लिंकर निम्मे, भाजलेली चिकणमाती तीस टक्के, चुनखडी पंधरा टक्के आणि बाकी जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली की पुरते. उत्सर्जन तीस ते चाळीस टक्क्यांनी कमी होते. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सिमेंटचे मानकही प्रसिद्ध केले, म्हणजे सरकारी कंत्राटात ते मागायला मानकाचा आधार आहे.

या सिमेंटला चिनी मातीच्या कपासाठी लागते तशी पांढरीशुभ्र माती नको. केओलिनाइट चाळीस टक्क्यांच्या आसपास असले तरी भागते. खनिज धुताना टेलिंगच्या तळ्यांत जो बारीक गाळ साठला आहे, त्यात हे खनिज आहेच, प्रश्न प्रमाणाचा. एका तळ्यात पुरेसे असेल, शेजारच्या तळ्यात नसेल. लोहामुळे रंग तांबडा येईल, पण भट्टीत हवा कमी ठेवून तो राखाडीकडे नेता येतो. हाच गाळ दर पावसाळ्यात ओहोळांतून उतरतो आणि भातशेतीवर बसतो. खाणीच्या पायथ्याशी शेत असलेल्या माणसाला विचारा, त्या गाळाने काय केले. तोच गाळ शेताबाहेर राहून रस्त्याच्या आणि शाळेच्या कामी आला तर त्या माणसाला दोन बाजूंनी न्याय मिळेल.

आता हवेविषयी. आपल्या हवेत मीठ आहे आणि पावसाळ्यात ओलावा भरलेला असतो. उन्हाळाभर विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ बसते. पहिली बारीक सर आली की तो थर भिजतो, वीज पृष्ठभागावरून वाहू लागते आणि ठिणगी उडते. पुढचा मोठा पाऊस तो थर धुऊन काढतो. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला वीज जाते, त्यामागचे हे एक कारण आहे. पडलेली झाडे हे दुसरे. इन्सुलेटरवर सिलिकॉन रबराचा लेप द्यायचा की इन्सुलेटरच बदलायचा, कोणता लेप आपल्या हवेत किती वर्षे टिकतो, हे बाहेरच्या कोरड्या गावात तपासून कळत नाही. बॅटरीच्या नव्या पदार्थांचेही हेच. तो २००७ चा गार्नेट दमट हवेत ठेवला की त्यावर लिथियम कार्बोनेटचा थर चढतो. सोडियम-आयन बॅटरीतल्या थरदार ऑक्साइडना ओलावा सोसत नाही. देशाचा सगळा किनारा या हवेत राहतो, मग तिथे लागणारा माल तपासायची जागा किनाऱ्यावर का नसावी? दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावला विद्यापीठ, कुंकळ्ळीला एनआयटी, फर्मागुढीला आयआयटी आणि गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय, सांकवाळला बिट्स. एवढ्या छोट्या राज्यात इतक्या संस्था, आणि त्यांना जोडणारा दरवाजा नाही. वेर्ण्याचा लघुउद्योजक किंवा एखादी पंचायत नमुना घेऊन जाईल, ठरलेले शुल्क भरेल आणि महिन्याभरात अहवाल घेईल, असे एक सार्वजनिक पदार्थ-केंद्र मला हवे आहे. भट्ट्या, दाबयंत्र, क्ष-किरणांनी खनिज ओळखणारे यंत्र, मिठाच्या धुक्याची खोली आणि शिकलेली, नीट पगार मिळणारी माणसे.

पैसा कुठून, हे तुम्ही विचारालच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितला आहे. त्याच्या मुद्दलाला हात लावा असे मी सुचवणार नाही. तो निधी मुलांचा आहे. पण जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा खाणग्रस्त भागासाठीच आहे, आणि शिक्षण व कौशल्यविकास ही त्याच्या खर्चाची मान्य क्षेत्रे आहेत. सभामंडप आणि पदपथ यांपेक्षा डिचोलीतली किंवा कुडचड्यातली एक भट्टी त्या पैशाला जास्त शोभेल.

सगळेच डंप हलवावेत असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. कित्येक डंपांवर काजू आणि आकेशिया वाढून माती धरून राहिली आहे. ते उकरले तर तोच गाळ पुन्हा शेतात येईल. वाहतूक वाढली की धूळ वाढते, आणि सिलिकाची धूळ फुप्फुसांत कायमची बसते. सत्तरीतल्या सोनशी गावच्या ग्रामस्थांना २०१७ मध्ये धुळीविरुद्ध रस्त्यावर उतरल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, हे आपण विसरू नये. माझी योजना उलट कमी माल हलवायला सांगते. जहाज भरायला लाखो टन लागतात. विटांचा प्रयोग करायला दहा टन पुरतात, आणि तो यशस्वी झाला तर प्रक्रिया डंपच्या पायथ्याशीच करता येते. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या वीजवाहिनीवरून २०२० मध्ये लोक का उठले होते तेही आठवा. आपली जवळजवळ सगळी वीज राज्याबाहेरून येते. गोव्याने २०५० पर्यंत संपूर्ण अपारंपरिक ऊर्जेचे ध्येय ठेवले आहे. दुपारची ऊर्जा जिथे लागते तिथेच साठवली, तर जंगलातून नव्या तारा ओढण्याचा दबाव तेवढा तरी कमी होईल.

तुमच्याकडून मला जे हवे आहे ते फार नाही. डंप उचलायची कोणतीही परवानगी देण्यापूर्वी त्या डंपाला खोलवर छिद्रे पाडून नमुने घ्यावेत. त्यांतली खनिजे, कणांचा आकार आणि तापवल्यावर होणारी घट तपासून अहवाल सर्वांना पाहता येईल असा ठेवावा. आणि प्रत्येक नमुन्याचा एक हिस्सा खाण संचालनालयाने जपून ठेवावा, म्हणजे उद्या नवे तंत्र आले तर डंप गेलेला असला तरी त्याची माती तरी हाताशी राहील. हे धोरणात एका कलमाने बसते. टेलिंगची जी तळी चिकणमातीने समृद्ध ठरतील, ती खनिजाच्या दराने विकू नयेत. आणि पदार्थ-केंद्राला येत्या अर्थसंकल्पात स्वतःची ओळ मिळावी. कुठल्या तरी योजनेच्या ‘इतर’ खर्चात ते बसवले तर दोन वर्षांत बंद पडेल.

खाणी थांबल्या तेव्हा माझ्या आसपासच्या ट्रकमालकांनी, बार्जवरच्या खलाशांनी, प्रयोगशाळेतल्या मुलांनी जे सोसले ते मी पाहिले आहे. त्यांतले पुष्कळजण आजही खाणी पूर्ववत होण्याची वाट पाहत आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही. आयटीआयमध्ये भट्टी चालवायला, पूड दाबायला, नमुना तपासायला शिकलेल्या मुलाला खनिजाच्या भावावर अवलंबून राहावे लागणार नाही. मोरबी आणि खुर्जा या सिरॅमिकच्या गावांत, कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत, हैदराबादच्या पावडर धातुशास्त्राच्या केंद्रात हे काम शिकवणारी माणसे आहेत. त्यांना इथे बोलावता येईल, आपली मुले तिकडे पाठवता येतील.

तुमच्यापैकी कोणी एकाने जरी पुढच्या अधिवेशनात हा विषय घेतला तरी मला पुरे. सोय व्हावी म्हणून तारांकित प्रश्नाचा मसुदा इथेच देतो: ‘राज्यातील किती खनिज डंप आणि टेलिंग तळी यांचे खनिजशास्त्रीय पृथक्करण झालेले आहे, त्यांत केओलिनाइट, गोथाइट आणि गिब्साइट यांचे प्रमाण किती आढळले, हे अहवाल जनतेला कुठे पाहता येतील, आणि ज्यांचे पृथक्करण झालेले नाही अशा डंपांना उचलण्याची परवानगी कोणत्या आधारावर देण्यात येणार आहे, हे माननीय खाणमंत्री सांगतील काय?’ उत्तर वाचून समजावून सांगायला कोणी हवे असेल, तर डिचोलीहून पर्वरीला यायला मी तयार आहे.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त खनिज-रसायनज्ञ